आजीसाठी मिस्सा, आणि "शास्त्रात आधार कुठे?"

जालन्याचा_नातू

सगळ्यांना जय ख्रिस्त आणि नमस्कार.

दसऱ्याच्या आठवड्यात माझी आजी गेली. वय नक्की कोणालाच ठाऊक नाही, नव्वदीच्या पुढं होती. आम्ही जालन्याचे, सीएनआय म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या प्रोटेस्टंट मंडळीचे. आजीचं माहेर बेथेलचं. रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी निजाम सरकारकडून जमीन मिळवून वसवलेलं ते गाव, त्याचा तिला फार अभिमान. दफन, तिसऱ्या दिवसाची प्रार्थना, सगळं रीतीनं झालं.

माझी बायको कॅथलिक आहे, वैजापूर तालुक्यातली, घोगरगावाकडची. आजीचं शेवटचं दीड वर्ष हिनंच केलं. न्हाऊ घालणं, कुशीवर वळवणं, रात्री तीनला उठून पाणी पाजणं, सगळं. आता तिचं एकच मागणं आहे. २ नोव्हेंबरला कॅथलिक लोक मृतांचं स्मरण करतात, त्या दिवशी तिच्या माहेरच्या चर्चमध्ये आजीच्या नावानं मिस्सा, म्हणजे प्रभुभोजनाची उपासना, व्हावी.

बाबा गप्प आहेत. मंडळीतले एक ज्येष्ठ पंच आमच्या घरच्यासारखे आहेत, आजीच्या कबरीवर शेवटचं ढेकूळ पडेपर्यंत उभे होते. ते म्हणाले, "मेलेल्यांसाठी प्रार्थना? शास्त्रात आधार दाखव, मी स्वतः येतो."

मी घरी येऊन बायकोला तसंच सांगितलं. ती भांडी घासत होती. मागं न वळता म्हणाली, "आमच्या बायबलात आहे, मक्काबीच्या दुसऱ्या पुस्तकात. तुमच्या बायबलात ते पुस्तकच नाही, मग आधार सापडणार कुठून?"

त्या रात्री मी दोन्ही बायबलं शेजारी ठेवून अनुक्रमणिका मोजली. आमची पुस्तकं ६६, तिची ७३. लहानपणापासून "शास्त्र काय म्हणतं ते बघ" हेच ऐकत आलो. शास्त्र कुठं सुरू होतं आणि कुठं संपतं हे कोणी ठरवलं, असं कधी मनातसुद्धा आलं नव्हतं. पुस्तकानं स्वतःच ठरवलं की मंडळीनं? आणि मंडळीनं ठरवलं असेल तर शेवटचा शब्द कोणाचा?

भांडण नको. मला खरंच समजून घ्यायचंय.

कपाशी_पाच_एकर

आजीला श्रद्धांजली. वाचतोय.

गंगथडीची

भाऊ, आधी तुमच्या बायकोला माझा नमस्कार सांगा. मीही त्याच पट्ट्यातली, कॅथलिक.

तो भाग २ मक्काबी, अध्याय १२ मध्ये आहे. लढाईत पडलेल्यांच्या कपड्यांत मूर्तींचे ताईत सापडतात. त्यांचा सेनापती यहूदा मक्काबी त्यांच्यासाठी प्रार्थना करवतो आणि वर्गणी गोळा करून दोन हजार द्राख्मा यरुशलेमला पापार्पणासाठी पाठवतो. मेलेले उठणार यावर विश्वास होता म्हणून त्यानं हे केलं, असं तिथं लिहिलंय. आमचा मृतांसाठीच्या प्रार्थनेचा रिवाज त्या एकाच पानावर उभा नाही. पहिल्या शतकांतले ख्रिस्ती लोक आपल्या मृतांची नावं प्रभुभोजनाच्या वेळी घेत आलेत.

पुस्तकांचं म्हणाल तर उत्तर आफ्रिकेत हिप्पोला ३९३ मध्ये आणि कार्थेजला ३९७ मध्ये धर्मसभा झाल्या. त्यांच्या यादीत मक्काबी आहे. पुढं १५४६ मध्ये ट्रेंटच्या कॅथलिक धर्मसभेनं तीच यादी बंधनकारक केली. लिखित शास्त्र आणि प्रेषितांपासून तोंडी आलेली परंपरा यांना सारख्याच आदरानं मानावं, हेही त्याच सभेत ठरलं. तेव्हा शास्त्राची यादी हीच मंडळीच्या परंपरेची देणगी आहे. बायबलाच्या आत कुठंही त्याची अनुक्रमणिका प्रेरणेनं लिहिलेली नाही.

बिरुयाकर

धागाकर्त्याच्या दुःखात सहभागी आहे. मी प्रोटेस्टंट, छत्रपती संभाजीनगरला असतो, पाळक नाही, शिक्षक आहे.

गंगथडीताईंनी नीट मांडलंय, पण अर्धं. सोनार सोनं ओळखतो, सोनं घडवत नाही. पौलानं रोमकरांना पत्र लिहिलं तेव्हाच ते देवाचं वचन होतं, ३९७ साली मतदान होऊन झालं नाही. मंडळीनं ते ओळखलं, एवढंच.

दुसरं, "लूथरनं सात पुस्तकं फाडून टाकली" असं कोणी म्हणण्याआधी सांगतो, ते खरं नाही. लूथर म्हणजे आमची प्रोटेस्टंट सुधारणा सुरू करणारा जर्मन धर्मगुरू. १५३४ च्या त्याच्या संपूर्ण जर्मन बायबलात ती आहेत. दोन करारांच्या मध्ये वेगळी ठेवलेली आहेत, आणि वर लिहिलंय की शास्त्राच्या बरोबरीची नाहीत पण वाचायला चांगली आहेत. ही शंकाही त्याची एकट्याची नव्हती. लॅटिन बायबल करणाऱ्या जेरोमला लूथरच्या हजारेक वर्षं आधी हीच शंका होती, कारण यहुद्यांच्या हिब्रू संग्रहात ती पुस्तकं नव्हती. त्याच्याच काळातला बिशप ऑगस्टिन त्याच्या विरुद्ध मताचा. म्हणजे दोघेही परंपरेतलेच, दोघेही संत, आणि दोघांचं एकमत नाही. अशा वेळी परंपरेला विचारायचं तर कोणत्या परंपरेला?

"केवळ शास्त्र" या आम्हा प्रोटेस्टंटांच्या तत्त्वाचा अर्थ परंपरा नको असा नाही. तालुक्याचं कोर्ट असतं, जिल्ह्याचं असतं, खंडपीठ असतं. सगळ्यांचं ऐकायचं. पण शेवटचं कोर्ट एकच, आणि ते चुकत नाही. ते म्हणजे शास्त्र.

गंगथडीची

सोनाराचं उदाहरण मला आवडतं, पण त्यातच माझं उत्तर आहे सर. सोनार नसता तर तुमच्या-माझ्या हातात सोनं आहे की पितळ, कसं कळलं असतं? दुसऱ्या शतकात कितीतरी शुभवर्तमानं फिरत होती, थोमाचं, पेत्राचं. आज आपण दोघं चारच मानतो. का? नव्या कराराची बरोबर २७ पुस्तकांची यादी पहिल्यांदा दिसते ती बिशप अथानासियसच्या ३६७ सालच्या पत्रात. प्रभूच्या पुनरुत्थानाला तोवर तीनशेहून जास्त वर्षं झाली होती. इतकी वर्षं मंडळी कशावर चालली? बाप्तिस्म्यावर, भाकरीवर, बिशपांच्या शिकवणीवर, शहिदांच्या कबरींवर. आणि कोर्टाच्या उदाहरणात न्यायाधीश कुठाय? कायद्याचं पुस्तक स्वतः निकाल देत नाही.

बिरुयाकर

अथानासियसचं तेच पत्र पूर्ण वाचा ताई. त्यात जुन्या कराराचीही यादी आहे आणि मक्काबी तिच्यात नाहीत. :) साक्षीदार तुमचा, साक्ष अर्धी माझी.

गंगथडीची

मान्य. म्हणूनच एका बिशपच्या पत्रावर न थांबता धर्मसभा लागली.

नांदेडचा_साक्षीदार

प्रेज द लॉर्ड. तुम्ही लई मोठाल्या सभांची नावं घ्यायलेत. आमच्या फेलोशिपमध्ये एकच विचारतात, वचनात आहे का? हाव तर हाव, नाही तर नाही. मार्क ७ मध्ये येशूनंच परूश्यांना सांगितलं की तुम्ही माणसांच्या परंपरेपायी देवाची आज्ञा बाजूला सारता. आईबापाला द्यायचा पैसा "कुर्बान" म्हणून मंदिराला वाहिला की सुटले! परंपरा अशीच वाढते. आधी वचनाच्या शेजारी बसते, मग वचनाच्या डोक्यावर. मी आधी कशात काय होतो ते इथं सांगत नाही. मला वचनानं सोडवलं. कोणत्या सभेनं नाही, कोणत्या फादरनं नाही. बिरुयाच्या लोकांनी पौलाचं बोलणंसुद्धा शास्त्रात तपासून पाहिलं आणि त्यांना थोर म्हटलंय (कृत्ये १७:११). बाकी मला काही लागत नाही.

दवाखान्यातली

साक्षीदार भाऊ, तुमचं सोडवणं मी नाकारत नाही. पण मला बोलू द्या.

माझ्या वडिलांना साखर होती. आमच्या भागात एक प्रार्थना मंडळ होतं, नाव घेत नाही, आता ते तिथं नाहीही. तिथं शिकवायचे की बरं करणारा परमेश्वर आहे हे वचनात लिहिलंय, गोळ्या खायला वचनात कुठं सांगितलंय? वडिलांनी गोळ्या बंद केल्या. मी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला, हॉस्टेलवर. सुट्टीत आले तर पायाची जखम काळी पडलेली. पाय गुडघ्याखाली काढावा लागला. वडील म्हणायचे, "बाई, त्यानं पुस्तकातूनच दाखवलं होतं."

तेव्हापासून "फक्त पुस्तक" म्हटलं की पोटात गोळा येतो. पुस्तक खोटं नव्हतं. पण ते एका माणसाच्या हातात होतं आणि त्याला विचारणारं वर कोणी नव्हतं. पौलानं तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलाय, लूक वैद्य होता, हे त्या माणसाला कोणी सांगायला हवं होतं ना? दोन हजार वर्षांत ख्रिस्ती लोकांनी किती दवाखाने काढले! ती परंपरा त्याला ठाऊक असती तर माझे वडील आज चालले असते.

नांदेडचा_साक्षीदार

ताई, वाचून हात थांबले. आमच्यात औषध बंद करायला सांगत नाहीत. ते चूकच. तुमच्या वडिलांसाठी प्रार्थना करतो.

बिरुयाकर

ताई, तुमच्या वडिलांच्या बाबतीत झालं त्याला "केवळ शास्त्र" म्हणू नये असं मला कळकळीनं वाटतं. ते "केवळ मी आणि माझं पुस्तक" होतं. सुधारणेच्या काळातल्या कोणीही असं शिकवलं नाही. सुधारक कॅल्व्हिनची पानं उघडा, पानोपानी ऑगस्टिन आणि क्रिसोस्तोम हे जुने मंडळीचे गुरू सापडतात. प्रेषितांच्या कृत्यांत फिलिप्प त्या कूशी अधिकाऱ्याला विचारतो, वाचतोस ते समजतं का? तो म्हणतो, कोणी सांगितल्याशिवाय कसं समजेल? सांगणारा लागतोच. माझा हट्ट एवढाच की सांगणाऱ्यालाही शास्त्रासमोर उभं करता आलं पाहिजे. १५२१ मध्ये जर्मनीत वर्म्सला सम्राटासमोर लूथर म्हणाला त्याचा आशय हाच होता: पोप आणि धर्मसभा चुकल्या आहेत, एकमेकींविरुद्ध बोलल्या आहेत, मला शास्त्रानं पटवा. तुमच्या वडिलांच्या त्या शिक्षकालाही कोणीतरी शास्त्रानंच अडवायला हवं होतं.

गोदाकाठचा_वारकरी

मी पैठणचा, माळकरी. तुमच्या घरातल्या गोष्टीत बोलू का नको, दोनदा विचार केला. पण ही चर्चा मला ओळखीची वाटली.

ज्ञानेश्वरी १२९० ची. पुढं तीनशे वर्षं हातानं नकला होत गेल्या. लिहिणाऱ्यानं आपली ओवी घुसवायची, पाठ चुकायचे. आमच्या नाथांनी १५८४ मध्ये अनेक पोथ्या गोळा करून शुद्ध प्रत केली आणि वर बजावलं की यात कोणी आपली ओवी घालू नये. आज आम्ही वाचतो ती नाथांनी शोधलेली. मग प्रमाण कोण, ज्ञानोबा की नाथ? आम्हाला हा प्रश्न कधी पडला नाही, कारण नाथांनी स्वतःचं काही घातलं नाही. ओवी त्यांच्या घशात होती म्हणून चुकीचं कुठलं ते त्यांना ऐकू आलं. ज्याच्या कानात ग्रंथ मुरलाय तोच सांगू शकतो की हे त्यातलं नाही. तुमच्या त्या जुन्या सभांनीही तसंच केलं असेल का? जाणकारांनी सांगावं.

बिरुयाकर

माऊली, याहून नेमकं मी कधी वाचलं नाही. माझा सोनार तुम्ही पैठणला नेलात. "नाथांनी स्वतःचं काही घातलं नाही" हीच माझी सगळी बाजू आहे.

गंगथडीची

आणि "ओवी त्यांच्या घशात होती" ही माझी!

खुलताबादचा_सय्यद

आमच्याकडंही हाच मामला. कुराणात नमाजचा हुकूम आहे, पण कोणत्या नमाजला किती रकात हे कुराणात नाही. ते सुन्नतीतून आलं, पैगंबरांना पढताना ज्यांनी पाहिलं त्यांच्याकडून. ग्रंथ सांगतो काय करा, पाहिलेली माणसं सांगतात कसं करा. आजींना जन्नत नसीब होवो.

वाडीवरची_घंटा

इतका वेळ परंपरेचं फार गोड चाललंय. आता माझंही ऐका.

आमचं गाव बीड जिल्ह्यात, नाव सांगत नाही. आजोबांच्या पिढीत दोन वाड्यांतले लोक ख्रिस्ती झाले, कोणत्या दोन ते मराठवाड्यातल्या माणसाला सांगायला नको. चर्च एकच, मातीच्या भिंतींचं. पण एका वाडीनं उजवीकडं बसायचं, दुसरीनं डावीकडं. प्रभुभोजनाचा प्याला आधी उजवीकडं. डावीकडच्यांनी नंतर प्यायचं म्हणून नाही, उजवीकडच्यांनी डावीकडच्यांनंतर प्यायचं नाही म्हणून. कोणी विचारलं तर उत्तर ठरलेलं, "आपल्या मंडळीची पहिल्यापासूनची परंपरा आहे." पाळक बदलले. परंपरा बदलली नाही.

ती मोडली माझ्या आत्यानं. सातवी शिकलेली. एका रविवारी शास्त्रवाचन तिच्याकडं होतं. तिनं गलतीकरांस पत्र, तिसरा अध्याय काढला, तिथं लिहिलंय की ख्रिस्तात यहूदी नाही, हेल्लेणी नाही, दास नाही, स्वतंत्र नाही, सगळे एक. वाचलं, पुस्तक मिटलं आणि डावीकडनं उठून उजव्या बाजूच्या पहिल्या पट्टीवर जाऊन बसली. दोन घरं उठून गेली. पुढं वर्षभर आत्याशी पाण्यावर कोणी बोललं नाही. पण पुस्तकात होतं, त्याला कोण काय करणार? पुस्तक त्यांचंही तेच होतं.

आत्याकडं धर्मसभा नव्हती, बिशप नव्हता. एक अध्याय होता. म्हणून मी शास्त्राच्या बाजूचा. माणसं मागं हटतात तेव्हा पुस्तक जागेवर असतं.

दवाखान्यातली

तुमच्या आत्याला माझा दंडवत. माझ्या वडिलांना तुमच्या आत्यासारखी वाचणारी मिळायला हवी होती.

कपाशी_पाच_एकर

+१. वेचणी सोडून बांधावर बसून वाचलं.

गंगथडीची

घंटादादा, दोनदा वाचलं. असं कॅथलिक चर्चांतही झालंय, मी लपवणार नाही. पण तुमच्या गावात होती ती रूढी. आम्ही जिला परंपरा म्हणतो ती प्रेषितांकडून आलेली शिकवण. रूढी बदलू शकते, बदललीच पाहिजे. आमचे फादर लग्न करत नाहीत, हाही शिस्तीचा नियम आहे. पोपला मानणाऱ्या पौर्वात्य मंडळ्यांत लग्न झालेले धर्मगुरू आजही आहेत.

१८ नोव्हेंबर १९६५ ला दुसऱ्या व्हॅटिकन सभेनं शास्त्र आणि परंपरेविषयी जे लिहिलं, ते आमच्याकडंही फार थोड्यांनी वाचलंय. शास्त्र आणि परंपरा एकाच झऱ्यातून वाहतात असं ते म्हणतं. आणि पुढं स्पष्ट लिहिलंय की चर्चचा शिकवण्याचा अधिकार देवाच्या वचनाच्या वर नाही, तो त्याचा सेवक आहे. तुमच्या आत्यानं उभं राहून वाचलं ते माझ्या चर्चच्या शिकवणीप्रमाणेही बरोबरच होतं.

बिरुयाकर

ताई, सेवक आहे हे वाचून आनंद होतो. पण मालकानं काय म्हटलं हे शेवटी फक्त सेवकच सांगणार असेल, तर मालकाची तक्रार घेऊन जायचं कुणाकडं? १८५४ मध्ये मरियेच्या निष्कलंक गर्भसंभवाचा सिद्धांत, १८७० मध्ये पोपच्या अचूकतेचा, १९५० मध्ये मरियेच्या स्वर्गोन्नयनाचा. यातलं एकही बिरुयाच्या लोकांना त्यांच्या गुंडाळ्यांत सापडलं नसतं. रूढी कोणती आणि परंपरा कोणती हे ठरवण्याची मोजपट्टी तुमच्याकडं परंपरेच्या बाहेर नाही. घंटादादांच्या आत्याकडं होती.

गंगथडीची

आणि तुमच्याकडं मोजपट्टी एक, पण मोजणारे हजार. ३२५ साली निकियाच्या धर्मसभेत, पुत्र पित्याच्या बरोबरीचा नाही म्हणणारा एरियसही शास्त्रातलेच दाखले देत होता. पुत्र पित्याशी "एकतत्त्व" आहे हा शब्द बायबलात नाही, सभेनं आणला, आणि तुम्ही तो विश्वासांगीकारात आजही म्हणता. शास्त्राचा अर्थ वाचवायला शास्त्राबाहेरचा शब्द लागला ना?

मरियेबद्दल बोलायचं तर वेगळा धागा काढू, इथं आजीचं राहून जाईल.

नगरकडचा_पुस्तकवाला

थोडं अवांतर, पण मला वाटतं विषयाचंच आहे.

मराठीत हा वाद कालानुक्रमेच घडलाय. फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण १६१६ चं, गोव्यातलं. नव्या ख्रिस्ती लोकांना आपल्या भाषेत पुराण हवं होतं, म्हणून ओवीत अख्खी तारणकथा. मराठी नवा करार छापला गेला १८११ मध्ये, श्रीरामपूरला. आमच्या नगर जिल्ह्यातलं नव्हे, बंगालमधलं, विल्यम कॅरीचं. मधे १९५ वर्षं. म्हणजे मराठी कानांनी ख्रिस्त आधी पुराणातून ऐकला आणि मग शास्त्रातून वाचला.

आणि मग पंडिता रमाबाई. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये बसून हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी आख्खं बायबल मराठीत आणलं. छापून बाहेर आलं १९२४ मध्ये, त्या जाऊन दोन वर्षं झाल्यावर. त्यांचा ध्यास एकच, की शेतातल्या, जात्यावरच्या बाईला कोणी शास्त्री-पंडित मधे न घेता कळावं. "केवळ शास्त्र" याचा याहून मराठी पुरावा मला माहीत नाही. पण त्यांच्या मुक्तीत ते वाचलं जायचं ते शेकडो बायकांनी एकत्र बसून. बाईंनी पुस्तक बनवलं आणि पुस्तक ऐकणारी मंडळीही बनवली.

जालन्याचा_नातू

सगळं वाचतोय, रोज रात्री बायकोलाही वाचून दाखवतो. पुस्तकवाल्यांनी लिहिलेलं वाचून आजीबद्दल एक सांगावंसं वाटलं.

आजीला अक्षरओळख नव्हती. एकही अक्षर नाही, अंगठा उठवायची. पण स्तोत्र २३, स्तोत्र १२१, डोंगरावरचं प्रवचन, सगळं तोंडपाठ. बेथेलला लहानपणी एक बायबलबाई घरोघर यायच्या, त्या म्हणायच्या आणि या पोरी मागून म्हणायच्या, निंदताना, दळताना. आजीचं बायबल कापडात गुंडाळून उशाला असायचं. ते उघडून बोटानं ओळ दाखवत ती म्हणायची, तेव्हा पाहुण्यांना वाटायचं म्हातारी वाचतेय. पुस्तक कधी कधी उलटं असायचं. शब्द एकही चुकायचा नाही.

तेव्हा मी विचार करायलोय, माझ्या घरातली सगळ्यात मोठी "शास्त्र" मानणारी बाई शास्त्र वाचू शकत नव्हती. तिला ते तोंडातून तोंडात मिळालं. मग तिच्याकडं होतं ते काय? शास्त्र की परंपरा?

गोदाकाठचा_वारकरी

दादा, आमच्या आईचा हरिपाठ अगदी असाच. डोळे भरले.

बिरुयाकर

याला माझ्याकडं लगेच उत्तर नाही. तिच्याकडं शास्त्रच होतं असं मी म्हणेन, कारण शब्द एकही चुकत नव्हता. पण ते तिच्याकडं आलं कसं, हे मी आजवर मोजत नव्हतो.

मोंढ्यातला_मॅथ्यू

माझा बारका प्रश्न. बाळाच्या बाप्तिस्म्याला शास्त्रात आधार आहे का? आमच्यात पेन्टेकॉस्टल मेहुणा दर सणाला हेच काढतो.

वाडीवरची_घंटा

अवांतर झालं, पण सीएनआयपुरतं सांगतो. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपूरला सहा मंडळ्या एकत्र झाल्या, त्यात अँग्लिकन होते तसे बाप्टिस्टही होते. म्हणून आमच्यात बाळाचाही चालतो आणि मोठेपणी स्वतः विश्वास कबूल करून घेतलेलाही चालतो. दोन्ही बाजूंचे दाखले शास्त्रातलेच आहेत. मेहुण्याला सांगा, इतक्या जणांनी एका ताटात जेवायचं ठरवलं, तूही बस.

दवाखान्यातली

मूळ प्रश्नाकडं या ना. २ तारीख जवळ आली. त्या बाईनं दीड वर्ष म्हातारीचं केलंय. मिस्सा करायची की नाही?

नांदेडचा_साक्षीदार

माझं मत कोणाला कडू लागेल, पण खोटं बोलणार नाही. करू नये. मरणानंतर न्याय, इब्री ९:२७. आजी प्रभूजवळ आहेत, त्यांना आपल्या मिस्सेची गरज नाही. सूनबाईंनी जिवंतपणी केलं तीच खरी सेवा.

बिरुयाकर

आज ३१ ऑक्टोबर. १५१७ मध्ये याच दिवशी विटेनबर्गला लूथरची ती ९५ विधानं पुढं आली, आणि त्यांचं भांडण मृतांच्या नावानं पैसे घेण्यावरूनच होतं. म्हणून मी जपून लिहितो.

मी स्वतः अशी मिस्सा मागणार नाही. मक्काबीवर मी सिद्धांत उभारत नाही. पण भाऊ, तुम्ही जा. बायकोच्या शेजारी बसा. आजीसाठी देवाचे आभार मानायला कोणत्याही कराराची मनाई नाही. तुम्हाला पटत नाही त्या वाक्याला आमेन म्हणू नका, पटतं त्याला मोठ्यानं म्हणा.

गंगथडीची

सर, तुमच्याशी दहा दिवस भांडले, पण या एका उत्तरासाठी तुम्हाला माझ्या घरी नाताळचं जेवण. पैसे घेण्याबद्दल तेव्हा लूथर चिडला ते बरोबरच होतं. तो व्यवहार ट्रेंटनंतर आमच्या चर्चनंही बंद केला.

जालन्याचा_नातू

आज ४ तारीख, परवाचं सांगतो.

जाण्याआधी मी बायकोचं बायबल घेऊन पंचांकडं गेलो होतो. "आधार दाखव म्हणालात, हा घ्या." त्यांनी चष्मा लावला, बारावा अध्याय पूर्ण वाचला, मग पुन्हा पहिल्यापासून. म्हणाले, "हे मी शास्त्र धरत नाही. त्यामुळं मी येणार नाही, राग मानू नको." मी राग मानला नाही. पुस्तक घ्यायला हात पुढं केला तर म्हणाले, "राहू दे दोन दिवस."

बाबा आले. न बोलावता, स्वतःच गाडीत येऊन बसले. फादरनी आजीचं नाव घेतलं तेव्हा बायको रडली, दफनाच्या दिवशीही इतकी रडली नव्हती. मधे स्तोत्र २३ आलं. शब्द थोडे वेगळे होते, बाबा हळू आवाजात आजीचेच शब्द म्हणत राहिले. बाप्तिस्मा, प्रभूची प्रार्थना, विश्वासांगीकार, सगळं आमचंच होतं. मग प्रभुभोजनाच्या भाकरीची ओळ लागली. बायको उठून पुढं गेली. मी आणि बाबा कॅथलिक नाही, म्हणून बाकावरच. ते मला लागलं, लपवत नाही. दोन्ही बाजूंचे दाखले आता मला तोंडपाठ आहेत, तरी लागलं.

गंगथडीची

मलाही लागतं भाऊ. माझी वहिनी तुमच्यातली आहे, दर रविवारी ती बाकावर असते.

दवाखान्यातली

पंचांनी पुस्तक परत दिलं का?

जालन्याचा_नातू

नाही. काल मागायला गेलो होतो. "शास्त्र म्हणून नाही, वाचायला म्हणून ठेवलंय," म्हणाले. त्या जादा सात पुस्तकांतलं तोबीत संपलंय, यहुदीत चालू आहे. नाताळनंतर ने म्हणाले.